रुपये कोटींत

मंदीला टेकू म्हणून दिल्लीहून निधी आला
तेव्हा मार्च संपायला एकोणीस दिवस होते.
साहेब म्हणाले, कोयंडे मॅडम, खर्च दाखवा.
नाही दाखवला तर परत जाईल,
आणि परत गेलेला पैसा काय
माहेरी गेलेल्या बायकोसारखा चार दिवसांनी येत नाही.
साहेबांचे विनोद असे.
मी टोनर मागवला.

वांद्र्याच्या कचेरीत, सहाव्या मजल्यावर
माझं काम खांबांना आकड्यांत उभं करण्याचं.
तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात बारीक टायपात असतं:
रुपये कोटींत.
दशांशानंतर दोन घरं.
त्यापुढचं संगणक गिळतो, ढेकरही देत नाही.

पहिल्या आठवड्यात गर्डर बसवले.
दुसऱ्यात सरकते जिने,
जे अजून कुठल्याशा समुद्रात जहाजावर होते,
पण आगाऊ रक्कम हाही खर्चच.
चौगुल्यांचा माणूस बिलं घेऊन यायचा,
बुटांना खाडीची काळी माती.
तो गेल्यावर फरशीवर ठसे राहायचे.
सहा वर्षांत मी पाहिलेला प्रकल्प म्हणजे
बराचसा तोच.

माझे वडील कंडक्टर. वडाळा डेपो.
खिडकीवर हिशेब चाळीस पैशांनी कमी भरला
तर खिशातून घालायचे,
आणि घरी येऊन ते चाळीस पैसे शोधत बसायचे:
पिशवीच्या शिवणीत, मोज्यात,
आईच्या चेहऱ्यावर.
कोटी हा शब्द त्यांना देवांपुरताच माहीत होता.

चेंबूरला आमच्याच एका खांबापायी
बसथांबा हलवला.
पाटीवर लिहिलं होतं, थांबा तात्पुरता हलवला आहे.
उन्हानं पहिली दोन अक्षरं खाल्ली.
आता पाटी म्हणते,
थांबा पुरता हलवला आहे.
सरकारी पाटी इतकं खरं
कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

तिथे पत्र्याच्या कुंपणाला पाठ टेकून
हौसाबाई गालफाडे उभी असते,
इस्पितळातली रात्रपाळी संपवून.
माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून म्हणाली,
तुमच्या हापिसात सांगा बाई,
एक बाकडं टाका म्हणावं.
खांब सरकारी आसंल,
गुडघं माजं हायती.

एकतीस तारखेच्या रात्री साडेदहाला
कॅन्टीनवाल्यानं शेवटचा चहा आणला, दुधावर साय धरलेला.
आनुषंगिक कामे या शीर्षाखाली
मी एक ओळ वाढवली.
लोखंडी बाकडं, वर पत्रा.
अडतीस हजार.
कोटींत मांडलं तर
शून्य पूर्णांक शून्य शून्य.
बेरीज हलली नाही.
साहेबांनी उभ्या उभ्या सही केली,
उपयोगिता प्रमाणपत्र पावणेबाराला दिल्लीला गेलं,
आणि देशाच्या अर्थव्यवस्थेला
चालना मिळाली.

घरी जाताना टॅक्सीत माझा हात थरथरत होता.
मी चोरी केली नव्हती.
पण पहिल्यांदाच काहीतरी
हिशेबातून बाहेर, रस्त्यावर नेलं होतं.

मे महिन्यात मुद्दाम तिथे उतरले.
बाकडं होतं.
एक पाय आखूड, चौगुल्यांचं काम.
त्याखाली कुणीतरी जाड, गुळगुळीत कागद
घडी घालून सारला होता.
वाकून पाहिलं, आमच्याच भूमिपूजनाची पत्रिका.

हौसाबाई चपला काढून, पाय वर घेऊन
शेपू निवडत होती.
मला ओळखलं की नाही, ठाऊक नाही.
नुसती सरकली,
म्हणाली, बस की.

कागदावर जिथे काहीच नाही
तिथे आम्ही दोघी बसलो.
वरून एक रिकामी गाडी गेली, चाचणीची,
दिवे लावून, दिवसाउजेडी.
हौसाबाईनं मान वर केली नाही.
शेपूच्या काड्या पदरात, पाला पिशवीत.

गोवंडीची बस
चाळीस मिनिटं आली नाही.
त्याला आमच्या तक्त्यात
रकाना नाही.